थ्रेड लिफ्ट सुरू करताय? घालण्याआधी धागा काढायला शिका

थ्रेड लिफ्ट म्हणजे ओघळलेला गाल वर उचलायला त्वचेखाली धागे घालणं. त्याच्या एक दिवसाच्या वर्कशॉपचा साचा ठरलेला असतो. सकाळी स्लाइडवर चेहऱ्याची शरीररचना, मग कंपनीच्या माणसाचं भाषण, जेवण, आणि दुपारी एका मॉडेलच्या गालात दोन-चार धागे. पाच वाजता सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, चहा. मीही अशाच ठिकाणी शिकले. घातलेला धागा काढायचा कसा, हे तिथे कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. ते मी पुढे दुसरीकडून धागे घालून आलेल्या एका बाईंच्या गालावर शिकले. त्या शांत होत्या, घाम मला फुटला होता.

हायलुरॉनिक अॅसिडचा फिलर (त्वचेखाली भराव म्हणून टोचायचं जेल) चुकला तर हायलुरॉनिडेझ टोचून विरघळवता येतो. धाग्याला असा उतारा नाही. तो एकतर हाताने काढायचा, नाहीतर विरेपर्यंत पेशंटने आणि आपण कळ काढायची. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले दोन आठवडे कातडीसकट चिकन आणायला लावते. कॉग, म्हणजे काटेरी धागा, घालायचा, मग काढायचा. ‘मॅडम, निघत नाही’ असं आपणहून म्हणेपर्यंत.

पहिली पायरी: आपण कुठे उभे आहोत ते बघा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि हेअर ट्रान्सप्लांटबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं की वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: हे तुम्ही कुठे शिकलात, आणि किती जणांवर कुणाच्या देखरेखीखाली केलंत? उत्तर कागदावर हवं. दुसऱ्याच्या हाताखाली केलेल्या केसेसची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. इन्डेम्निटी पॉलिसी (पेशंटच्या दाव्यांसाठी डॉक्टरने काढलेला विमा) असेल तर तिच्यात ही प्रोसीजर बसते का, ते लेखी विचारून घ्या. एजंटच्या ‘हो हो, सगळं कव्हर आहे’वर जाऊ नका.

जागेचं म्हणाल तर मोठं ऑपरेशन थिएटर लागत नाही. पण ज्या खोलीत सकाळी फेशियल आणि वॅक्सिंग चालतं, त्याच खोलीत दुपारी धागे घालू नका. ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) हवा, उठून बसवता येईल अशी खुर्ची हवी, चांगला दिवा हवा आणि इमर्जन्सी ट्रे हवा. ट्रेमध्ये १:१००० अॅड्रिनॅलिन (अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जी झाल्यास मोठ्या माणसाला ०.५ मिली मांडीच्या स्नायूत), ऑक्सिजन, सलाइन आणि २० टक्के लिपिड इमल्शन. लिपिड सहसा कुणी ठेवत नाही. लिग्नोकेनची, म्हणजे भुलेच्या औषधाची, विषबाधा झाली तर किलोमागे १.५ मिली हा पहिला डोस असतो, आणि त्या वेळी मेडिकलमध्ये माणूस धाडायला फुरसत नसते.

दुसरी पायरी: खोक्यात काय आहे ते वाचा

काटेरी धाग्याची कल्पना जुनी. अल्कामो नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६४ मध्ये अशा टाक्याचं पेटंट घेतलं. चेहरा उचलण्यासाठी त्याचा वापर लोकप्रिय केला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुलामानिद्झे यांनी, ‘आप्टोस’ या नावाने. ते धागे पॉलिप्रोपिलीनचे, म्हणजे न विरणारे. न विरणारा धागा नवशिक्याने हातातच धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

आज आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पीडीओ म्हणजे पॉलिडायॉक्सॅनोन, जे सर्जन १९८० च्या दशकापासून टाके म्हणून वापरत आलेत. ते साधारण सहा ते आठ महिन्यांत विरतं. पीएलएलए आणि पीसीएल हे दुसरे दोन विरणारे प्रकार जास्त काळ टिकतात. सुरुवात पीडीओने करा. चूक झाली तर ती निदान लवकर विरेल.

मोनो (साधे, गुळगुळीत) आणि स्क्रू (सुईभोवती गुंडाळलेले) धाग्यांनी त्वचेचा पोत थोडा सुधारू शकतो, पण गाल उचलला जात नाही. ‘वीस मोनो धाग्यांत फेसलिफ्ट’ अशी जाहिरात दिसली की समजावं, घालणाऱ्याला तरी माहीत नाही किंवा घालून घेणाऱ्याला तरी. उचलायचं काम कॉगचं. त्यातही धागा कापून केलेल्या काट्यांपेक्षा साच्यात दाबून केलेले काटे मजबूत, कारण कापताना मूळ धागाच बारीक होतो. आणि पीडीओ विरायला सहा महिने लागतात म्हणजे ते सहा महिने ओढून धरतं असं नव्हे. ताकद त्याच्या बरीच आधी उतरत जाते. पुढे उरतो तो धाग्याभोवती तयार झालेला तंतुमय पट्टा. ‘दोन वर्षं टिकेल’ हे वाक्य तोंडातून काढण्याआधी हे आठवा.

मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ प्रमाणे आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, लॉट नंबर आणि एक्स्पायरी असली पाहिजे. इन्स्टाग्रामवरून कुरिअरने येणाऱ्या स्वस्त ‘कोरियन’ पाकिटांवर कोरियन अक्षरं असतात, परवाना नसतो. लॉटचं स्टिकर केसपेपरवर चिकटवा.

आणखी एक, खास कोकणपट्टीतल्या मंडळींसाठी. पीडीओ पाण्याच्या अंशाने विरतं, म्हणूनच ते ओलावा न शिरणाऱ्या फॉइलमध्ये येतं. जुलैत रत्नागिरीला किंवा पणजीला फॉइल फोडून ‘उरलेले चार उद्या वापरू’ म्हणून ठेवलेत, तर ताकद गेली आणि निर्जंतुकपणाही गेला. उरलेला धागा टाकून द्यायचा. दुसऱ्या पेशंटला तर नाहीच नाही.

तिसरी पायरी: नाही म्हणायला शिका

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. थ्रेड लिफ्ट फसते ती बहुतेक वेळा हातामुळे नाही, चुकीचा चेहरा निवडल्यामुळे.

पेशंटला झोपवून तपासू नका. झोपलं की प्रत्येकाचेच गाल कानाकडे सरकतात. ताठ बसवा, हातात आरसा द्या, आणि कानापुढून दोन बोटांनी गाल हलकेच वर-मागे ओढा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर ओढून जॉल (जबड्याच्या कडेला लोंबणारा भाग) नाहीसा होत असेल तर केस विचार करण्यासारखी आहे. मूठभर कातडी गोळा करावी लागत असेल तर ती फेसलिफ्टची पेशंट आहे, प्लास्टिक सर्जनकडे पाठवा. चेहरा जड, चरबी भरपूर, तर धागा ते वजन पेलत नाही. उलट फार कृश चेहरा आणि कागदासारखी त्वचा असेल तर धागा बाहेरून दिसतो. साधारण पस्तीस ते पन्नास वय, जरासं ओघळणं, त्वचेला बऱ्यापैकी जाडी, आणि अपेक्षा आटोक्यात: हा आपला पेशंट.

सरळ नाही म्हणायचं ते कुणाला? चेहऱ्यावर पू भरलेले मुरुम किंवा नागीण, गरोदरपण, आटोक्यात नसलेला मधुमेह, केलॉइडची (व्रण जाड, फुगीर वाढण्याची) प्रवृत्ती, भडकलेला ऑटोइम्यून आजार, गालात पूर्वी घातलेला कायमस्वरूपी फिलर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या अधिकारात बंद करू नका. ज्याने सुरू केल्या त्या डॉक्टरशी बोला. स्टेंट बसवलेल्या माणसाची गोळी गालासाठी बंद करणं हा शहाणपणा नव्हे.

आणि लग्नसराई. एप्रिलमध्ये दर आठवड्याला एक तरी काकू येतात. ‘मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय, फोटोत जरा बरं दिसलं पाहिजे.’ पंधराव्या दिवशी एका बाजूला खळगा असू शकतो, जांभळी छटा असू शकते, तोंड उघडताना ओढ बसू शकते. हळदीला पंचवीस जणी गालाला हात लावणार, त्या वेगळ्याच. मी सहा आठवड्यांची अट घातली आहे, त्याच्या आत हात लावत नाही. एक काकू रागावून गेल्या आणि दुसरीकडे करून आल्या. लग्नाच्या व्हिडिओत त्या पूर्ण वेळ डावी बाजूच दाखवत होत्या, हे त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितलं.

तिसऱ्यांदा डॉक्टर बदलून आलेला, मोबाइलमध्ये फिल्टर लावलेला स्वतःचाच फोटो दाखवून ‘असं करा’ म्हणणारा पेशंट आला, तर धागे कपाटातच राहू द्या.

चौथी पायरी: संमती आणि फोटो

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की संमती नेमक्या त्या उपचारासाठी आणि पुरेशी माहिती देऊन घेतलेली हवी. ‘सर्व धोके समजले’ अशा छापील ओळीवर सही घेऊन भागत नाही. मराठी पेशंटला मराठीत फॉर्म द्या, आदल्या दिवशी द्या, घरी वाचू द्या. त्यात खळगा, सूज, रक्त साकळणं, एक बाजू वेगळी दिसणं, धाग्याचं टोक बाहेर येणं, जंतुसंसर्ग, नसेला इजा, धागा काढावा लागण्याची शक्यता आणि परिणाम काही महिन्यांत ओसरणं, हे सगळं साध्या भाषेत असावं.

फोटो समोरून, दोन्ही तिरक्या बाजूंनी आणि दोन्ही कडांनी. त्याच भिंतीपुढे, त्याच दिव्यात. त्यासोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ: भुवया उचला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा. हा व्हिडिओ भूल देण्याच्या आधी. पूर्वी कधीतरी बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा) होऊन गेलेली, ओठ किंचित वाकडा राहिलेला, असे कितीतरी जण असतात आणि त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. धागे घातल्यावर मात्र आरशात तेवढंच दिसतं. हे फोटो इन्स्टाग्रामसाठी नाहीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही. त्याच नियमांनी रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि मागितलं तर ७२ तासांत द्यायचं आहे.

पाचवी पायरी: त्वचेखालचा नकाशा

धाग्याची वाट त्वचेखालच्या चरबीतून, एसएमएएसच्या (चेहऱ्याच्या स्नायूंना जोडलेल्या तंतुमय पडद्याच्या) थराच्या वरून जाते. फार वर गेलात की खळगा पडतो, धागा दिसतो. फार खाली गेलात की दुखतं, आणि नस, लाळग्रंथी, रक्तवाहिनी सगळं वाटेत येतं. चार जागा पेनाने काढल्याशिवाय सुई उचलायची नाही.

कानापुढे बोट ठेवा, ठोका लागेल. ती टेम्पोरल धमनी. बोटाने वर माग काढत जा आणि रेघ ओढा, कारण कानशिलातला प्रवेशबिंदू तिच्या शेजारीच येतो. दुसरी जागा फेशियल नर्व्हच्या, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या नसेच्या, टेम्पोरल शाखेची: ट्रेगसच्या (कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्याच्या) अर्धा सेंटीमीटर खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटीमीटर वर जाणारी रेघ. गालाच्या हाडाच्या कमानीवर ही शाखा वरच्या थरांत असते, तिथे खोल जायचं नाही. तिसरी, पॅरोटिड या लाळग्रंथीची नळी: ट्रेगसपासून वरच्या ओठाच्या मध्यापर्यंतच्या रेघेचा मधला तिसरा भाग. चौथी, पेशंटला दात आवळायला सांगा. मॅसेटर हा चावायचा स्नायू फुगतो, त्याच्या पुढच्या कडेला जबड्यावर फेशियल धमनीचा ठोका लागतो. फेशियल नर्व्हची मार्जिनल मॅन्डिब्युलर शाखाही त्याच परिसरातून जाते. ती दुखावली तर खालचा ओठ वाकडा होतो आणि पेशंट ते कधी विसरत नाही.

नाकातले धागे पहिल्या वर्षी करूच नका. तिथे त्वचा ताणलेली, जागा अपुरी, धागा बाहेर येण्याची आणि रक्तपुरवठा बिघडण्याची भीती मोठी.

सहावी पायरी: प्रत्यक्ष प्रोसीजर

खुणा बसवून करा. झोपवून केलेली खूण उठल्यावर सेंटीमीटरभर सरकलेली असते.

चेहरा धुवा, मेकअप पूर्ण काढा. कानशिलाचे केस जेल लावून मागे चिकटवा, टेप लावा. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक डोळ्यात गेलं तर कॉर्नियाला इजा करतं आणि कानाच्या आतही जाता कामा नये. आपलं काम नेमकं या दोहोंच्या मध्ये, म्हणून मी पोव्हिडोन आयोडीन वापरते, ते सुकेपर्यंत थांबते, आणि मगच ड्रेप, म्हणजे निर्जंतुक कापड.

भुलेचा हिशेब कागदावर करा. अॅड्रिनॅलिनसह लिग्नोकेन किलोमागे ७ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. ६० किलोच्या पेशंटला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं २१ मिली. आपल्याला याच्या निम्मंही लागत नाही. प्रवेशबिंदूला अर्धा मिली आणि प्रत्येक वाटेवर जेमतेम एक मिली पुरतं. जास्त ओतलंत तर गाल फुगतो आणि दोन्ही बाजू जुळवता येत नाहीत. टोचल्यावर सात ते दहा मिनिटं थांबा. अॅड्रिनॅलिनला तेवढा वेळ दिलात तर रक्त खूप कमी येतं.

१८ नंबरच्या सुईने प्रवेशबिंदू करा. कॅन्युला, म्हणजे धागा बसवलेली पोकळ नळी, आधी उभी, चार-पाच मिलिमीटर आत, मग आडवी. दुसऱ्या हाताच्या चिमटीत वाटेवरची त्वचा उचलून धरा, म्हणजे टोक कुठल्या थरात आहे ते बोटांना कळतं. योग्य थरात कॅन्युला लोण्यातून गेल्यासारखी जाते. त्वचा टोकाबरोबर आत ओढली जात असेल तर तुम्ही वर आहात. पेशंट दचकला किंवा करकर जाणवली तर मागे या, वाट बदला, जोर लावू नका. नाकाच्या बाजूची घडी ओलांडायची नाही, तिच्या सेंटीमीटरभर अलीकडेच थांबायचं.

ठरलेल्या जागी पोचलात की टोकावर बोट दाबून धरा आणि कॅन्युला हळूच मागे घ्या. काटे पकडतात तेव्हा बोटाखाली बारीक टकटक होते. मग पेशंटला उठवून बसवा. धागा ओढायचा तो बसवूनच, आरशात दोन्ही बाजू पाहत. ओढून थोडा कमी वाटतो तिथेच थांबा, ‘अजून जरा’ म्हणालात की खळगा पडलाच. शेवटी धागा ताणून, त्वचा दाबून, मुळाशी कापा, म्हणजे टोक आत जातं.

मग भिंग घेऊन प्रवेशबिंदू पाहा. आत एखादा केस ओढला गेला असेल तर तो आत्ताच चिमट्याने काढा. ही एक गोष्ट मी कधीच कुणावर सोपवत नाही. तीन आठवड्यांनी कानशिलात पू होतो तेव्हा कित्येकदा आत हा एक केसच निघतो.

वापरलेल्या सुया, कॅन्युला पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताचे गॉझ पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे बंधनकारक आहे.

सातवी पायरी: घरी काय सांगायचं

‘काळजी घ्या’ असं मोघम सांगू नका, पेशंटच्या दिवसाला धरून सांगा. दोन आठवडे उताणं आणि डोकं उंच ठेवून झोपायचं. आठवडाभर मऊ भात, खिचडी, शिरा. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तर चालेल, चकली आणि उसाचं कांडं नाही. जांभई आली तर हनुवटीला हात लावायचा. दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडायचं काम पुढे ढकला. पार्लरचं फेशियल आणि तेलाची मालिश महिनाभर बंद.

आणि हेल्मेट. घट्ट हेल्मेट नेमकं प्रवेशबिंदूवर दाबतं, काढताना गाल वर-खाली करतं. त्यावर उपाय हेल्मेट न घालणं हा नव्हे. दोन आठवडे दुचाकीच चालवायची नाही. रिक्षाने जा.

आठवी पायरी: बिघडलं तर

हलका खळगा बहुधा एक-दोन आठवड्यांत भरून येतो. न भरला तर बोटाने हलकं चोळून काटा सोडवा, तरीही न सुटला तर सुईने मोकळा करा. रक्त साकळायला लागलं तर दहा मिनिटं घड्याळ लावून दाबा, मध्ये उचलून बघू नका. ओठ किंवा भुवई हलत नसेल तर आधी भूल उतरू द्या. काही तासांनीही हलली नाही तर ती नसेची गोष्ट, त्याच दिवशी वरिष्ठाला दाखवा. जेवताना गाल फुगत असेल किंवा छिद्रातून पातळ पाणी येत असेल तर पॅरोटिडचा संशय घ्या.

आता काढणं. दोन्ही दिशांनी काटे असलेला धागा एका टोकाला धरून ओढलात तर अर्धे काटे उलटे रुततात. वाटेच्या मध्यावर बारीक छिद्र करा, आकड्याने धागा बाहेर ओढून तोडा. मग खालचा अर्धा खालच्या टोकाकडून आणि वरचा अर्धा प्रवेशबिंदूतून काढा. काटे त्या त्या दिशेला आडवे पडतात आणि धागा सरकतो. चिकनवर पन्नास वेळा करा, मगच माणसावर.

सगळ्यात फसवा प्रकार उशिरा येतो. तीन ते आठ आठवड्यांनी धाग्याच्या वाटेवर लालसर, फारशी न दुखणारी गाठ. साध्या अँटिबायोटिकने कमी होते, पुन्हा वर येते. असं दिसलं की अॅटिपिकल मायकोबॅक्टेरिया (टीबीच्या जंतूंचे भाऊबंद) मनात आणा. हे जंतू नळाच्या पाण्यात असतात. अवजारं वीस मिनिटं ग्लुटरल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून नळाखाली धुण्याची सवय हे त्यांना आवतण आहे. त्या द्रावणात खरं निर्जंतुकीकरण व्हायला दहा तास लागतात, आणि नंतर नळाचं पाणी लागलं की सगळं वाया. अवजारं ऑटोक्लेव्हच करा. बर्फाचा शेकही नळाच्या पाण्याच्या ओल्या फडक्यातून उघड्या छिद्रावर देऊ नका.

गाठ आली की पू किंवा ऊतीचा तुकडा घेऊन एएफबीची (या गटाचे जंतू दाखवणारी) स्लाइड आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर सांगा, लॅबला फोन करून बजावा. नुसतं ‘पस कल्चर’ लिहिलंत तर ‘नो ग्रोथ’ येतो आणि आपण निर्धास्त होतो. आपल्या देशात दुसरा सापळाही आहे: स्लाइडवर एएफबी दिसले की टीबी समजून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होतात. सीबीनॅट ही जनुकीय तपासणी फक्त टीबीचा गट ओळखते, त्यात हे जंतू सापडत नाहीत, आणि टीबीच्या नेहमीच्या औषधांना बरेचदा दादही देत नाहीत. धागा काढावा लागतो, संसर्गतज्ज्ञाच्या सल्ल्याने अनेक महिने औषधं द्यावी लागतात. वरून स्टेरॉइड टोचून गाठ बसवायचा मोह मात्र आवरा. ते ग्रॅन्युलोमासाठी (धाग्याभोवती बनणाऱ्या दाहाच्या गाठीसाठी), आणि तेही संसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच.

नववी पायरी: पुन्हा भेटी

दुसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी भेट, मग चौथ्या आणि आठव्या आठवड्याला. आठव्या आठवड्याची भेट वर सांगितलेल्या उशिराच्या गाठीसाठीच ठेवली आहे. पेशंट म्हणेल, ‘मला काही त्रास नाही, कशाला येऊ?’ तिच्याकडून पैसे घेऊ नका, पण बोलवा. प्रत्येक धाग्याची वाट बोटाने चाचपा.

याच भेटीत बहुतेक जणी म्हणतात, ‘डॉक्टर, फारसा फरक वाटत नाही हो.’ सुरुवातीची सूज ओसरलेली असते आणि नव्या चेहऱ्याची डोळ्यांना सवय झालेली असते. पहिल्या दिवशीचा फोटो शेजारी ठेवा आणि दोघींनी मिळून बघा. फरक दिसला तर ठीक. नसेल दिसत तर तसं कबूल करा, केसपेपरवर लिहा, आणि त्याच गालात लगेच आणखी चार धागे घालू नका.